दुसऱ्या शहरात शाखा उघडताना: कोठे नवा अर्ज लागतो आणि कोठे केवळ पत्ता वाढवावा लागतो

साताऱ्यात दोन पिढ्या कंदी पेढे विकणारे दुकान पुण्यात शाखा काढते, तेव्हा मालकाच्या लेखी धंदा तोच असतो. कढई तीच, कारागीर तेच, पाटीवरचे नावही तेच. सरकारी कार्यालयांच्या लेखी मात्र 'तोच धंदा' या शब्दांचा अर्थ दर खिडकीला बदलतो. जीएसटीच्या दृष्टीने पुण्याचे दुकान हा जुन्याच नोंदणीतील आणखी एक पत्ता आहे, अन्न परवान्याच्या दृष्टीने ती स्वतंत्र जागा आहे, शॉप अ‍ॅक्टच्या दृष्टीने ती नवी आस्थापना आहे, 'उद्यम' या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या दृष्टीने काहीही नवे घडलेले नाही, आणि हीच शाखा पुण्याऐवजी बेळगावला काढली तर जीएसटीच्या दृष्टीने तेथे एक नवाच करदाता जन्माला येतो. परत येणाऱ्या अर्जांपैकी बरेच याच गोंधळातून परत येतात, कारण जेथे केवळ भर घालायची असते तेथे लोक नवा अर्ज करतात आणि जेथे नवा अर्ज हवा असतो तेथे गावचा जुना परवाना पुढे करतात. भिलवडीच्या चितळ्यांनी १९५० मध्ये पुण्यात दुकान सुरू केले तेव्हा यांतले एकही पोर्टल नव्हते. आज मात्र पेढ्याची चव पुणेकरांपर्यंत पोहोचण्याआधी जागेचा कागद पोहोचवावा लागतो.

जागेचा कागद

सर्वाधिक अर्ज अडतात ते येथेच, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार, तसेच व्यवहारात ज्याला 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात तो करारही, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने जागामालकावर टाकलेली आहे. प्रत्यक्षात नोंदणी झाली की भाडे कागदावर दिसते, म्हणून मालक 'नोटरी करून देतो, सगळे असेच करतात' असे सांगतो, आणि बाहेरगावाहून आलेला दुकानदार जागा हातची जाऊ नये म्हणून मान डोलावतो. अनामत रक्कम देऊन झाल्यावर नोंदणीचा आग्रह धरणे फारच अवघड जाते. तो आधीच धरावा.

दुसरी अडचण वीजबिलाची. जुन्या पेठांमध्ये गाळ्याचे वीजबिल आणि मिळकतकराची पावती कित्येकदा मालकाच्या दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, आणि करारावर सही मात्र मुलाची असते. पडताळणारा अधिकारी दोन नावे पाहतो आणि अर्ज परत पाठवतो. त्याला दोष देता येत नाही, कारण ही दोन माणसे एकमेकांची कोण हे त्याला कोणत्याच कागदावरून कळत नाही. म्हणून हे नाते सांगणारा कागद, मग ते मृत्युपत्र असो, वारसनोंद असो की खरेदीखत, सुरुवातीलाच जोडावा. करारात 'दुकान नं. ३', कर पावतीवर 'गाळा क्र. ३ अ' आणि वीजबिलावर नुसतेच इमारतीचे नाव असा प्रकार असेल, तर करार लिहितानाच पत्ता कर पावतीप्रमाणे शब्दशः उतरवावा. पुढे प्रत्येक अर्जात तोच पत्ता त्याच शब्दांत लिहायचा आहे.

जीएसटी: राज्याच्या आत

महाराष्ट्रातच शाखा असेल तर नवा जीएसटी क्रमांक घ्यावा लागत नाही. जुन्याच नोंदणीत 'अतिरिक्त व्यवसाय स्थळ' म्हणून दुरुस्तीचा अर्ज (आरईजी-१४) करायचा असतो, आणि तो बदल झाल्यापासून १५ दिवसांच्या आत. हे १५ दिवस उद्घाटनाच्या मुहूर्तापासून मोजण्याची चूक अनेकजण करतात; जागेचा वापर, अगदी माल उतरवून ठेवण्यापुरताही, ज्या दिवशी सुरू झाला तोच दिवस धरावा. दुरुस्तीला अधिकाऱ्याची मंजुरी लागते. शंका निघाल्यास नोटीस येते आणि उत्तरासाठी कामाचे सात दिवस मिळतात. ही नोटीस पोर्टलवर आणि नोंदवलेल्या ईमेलवर येते, आणि तो ईमेल बहुतेक वेळा जुन्या कर सल्लागाराचा असतो. अर्ज करण्यापूर्वी ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा करून घ्यावा, कारण वेळेत उत्तर न गेल्याने फेटाळले गेलेले अर्ज कागद अपुरे असलेल्या अर्जांपेक्षा कमी नसतील.

कोणते कागद मागावेत याबाबत केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी अधिकाऱ्यांना सूचना दिल्या आहेत. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचा हक्क दाखवणारा कोणताही एक कागद, म्हणजे कर पावती किंवा वीजबिल, पुरेसा आहे. करार नोंदणीकृत असेल तर मालकाचा पॅन, आधार किंवा छायाचित्र मागायचे नाही. सूचना नव्या नोंदणीच्या संदर्भात असल्या तरी दुरुस्तीच्या अर्जात 'मालकाचे आधार जोडा' अशी शंका आली की उत्तरात नम्रपणे त्यांचा हवाला द्यावा. मंडळाने सूचना काढूनही ती अर्जदारानेच दाखवून द्यावी लागते, हे खेदाचे आहे, पण तिचा उपयोग होतो.

साताऱ्याहून पुण्याच्या दुकानात माल नेताना, दोन्ही पत्ते एकाच क्रमांकाखाली असल्यामुळे, कर लागत नाही. डिलिव्हरी चलन पुरते, आणि राज्यांतर्गत मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दस्तऐवज, लागते. पत्ता नोंदणीत चढण्यापूर्वीच गाडी निघाली तर मात्र चलनावरील पत्ता कोणाचा, हा प्रश्न रस्त्यातच विचारला जातो. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत शाखेतही दर्शनी भागात लावावी.

अन्न परवाना

येथे गावच्या परवान्याची प्रत चालत नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना त्या त्या जागेचा असतो, त्यामुळे साताऱ्याचा कारखाना आणि पुण्याचे दुकान यांचे चौदा अंकी क्रमांक वेगवेगळे असतात. खोक्यावर उत्पादकाचा क्रमांक छापला जातो, दुकानाच्या बिलावर दुकानाचा. नोंदणी पुरेल की परवाना लागेल हे उलाढालीवर ठरते आणि या मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून शेजारच्या दुकानदाराने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

खरी अडचण होते ती व्यवसायाचा प्रकार निवडताना. फी आणि कागद कमी लागतात म्हणून अनेकजण 'किरकोळ विक्री' एवढाच प्रकार निवडतात आणि मागच्या खोलीत खवा मळून पेढे वळतात. कायद्याच्या भाषेत ते उत्पादन आहे, आणि तपासणीला आलेला अधिकारी शेगडी पाहूनच पुढचे बोलतो. पुण्यात केवळ बंद खोकी विकणार की पेढे वळणारही, हे घरात आधी ठरवावे. उत्पादन दाखवले तर जागेचा आराखडा, यंत्रांची यादी, पदार्थांचे प्रकार, जबाबदार व्यक्तीचे नामनिर्देशन आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल लागतो. यातील पाण्याचा अहवाल हा 'कोणाकडेच नसलेला कागद' आहे. महापालिकेचे पाणी शुद्धच असते, असे तोंडी सांगून भागत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, त्याच पत्त्यावरील नमुन्याचा अहवाल हवा. साताऱ्याच्या कारखान्याचा अहवाल पुण्याच्या अर्जाला जोडलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

अर्जावर त्रुटी निघाल्यास उत्तराला ३० दिवस मिळतात. ते गेले की अर्ज फेटाळला जातो आणि भरलेली फी परत मिळत नाही. जीएसटीचे कामाचे सात दिवस आणि येथील ३० दिवस यांची गल्लत होऊन दोन्हीकडे उशीर झालेले लोक आहेत, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात.

शॉप अ‍ॅक्ट आणि किरकोळ बाबी

पुण्यात ज्याला शॉप अ‍ॅक्ट आणि मुंबईत गुमास्ता म्हणतात, तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ दर आस्थापनेला वेगळा लागतो. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. कामगारसंख्या ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते. ही मर्यादा २०१७ च्या मूळ कायद्यात दहा कामगारांची होती आणि अर्ज करतेवेळी पोर्टलवर दाखवली असेल तीच धरावी. सूचनेची पावती लगेच मिळते, पण ती जागेच्या कायदेशीरपणाचा दाखला नव्हे. पाटीचे छायाचित्र जोडावे लागते आणि पाटीवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही यातून सूट नाही. पाटीसाठी पुण्यात महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाची स्वतंत्र परवानगी असते. एक कार्यालय लावलेल्या पाटीचा फोटो मागते आणि दुसरे विचारते की परवानगीआधी पाटी लावलीच कशी. यावर उत्तर एवढेच, की पाटीचा अर्ज आधी करावा.

'उद्यम'मध्ये शाखेसाठी दुसरी नोंदणी करू नये. एका उपक्रमाला एकच नोंदणी असते, तीत पत्ता वाढवावा. वजनकाटा दरवर्षी पडताळून घ्यावा. अग्निशमन यंत्रणा असेल तर ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे 'ब' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. माणसांची मोजणी मात्र नीट समजून घ्यावी: शॉप अ‍ॅक्टसाठी प्रत्येक दुकानाची माणसे वेगळी मोजतात, तर भविष्य निर्वाह निधीसाठी सर्व शाखांची एकत्र. साताऱ्यात १२ आणि पुण्यात नऊ म्हणजे २१ होतात, आणि २० ची मर्यादा ओलांडली जाते.

राज्याची हद्द ओलांडली तर

कोल्हापूरहून पुणे लांब आणि बेळगाव जवळ, तरी कागदोपत्री अंतर उलटे आहे. कर्नाटकात स्वतंत्र जीएसटी नोंदणी लागते, आणि एकाच पॅनवरच्या या दोन नोंदण्या कायद्याने दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात. स्वतःच्याच दुकानाला पाठवलेला माल हा पुरवठा ठरतो, पैसे न घेताही त्यावर कर लागतो आणि बीजक करावे लागते. ज्यांनी कंपोझिशन योजना, म्हणजे लहान व्यापाऱ्यांना उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने कर भरण्याची सोय, घेतली आहे त्यांनी येथे थांबून विचार करावा, कारण त्या योजनेत असताना राज्याबाहेर माल पाठवताच येत नाही, मग ते दुकान स्वतःचे का असेना. एका राज्यात योजना ठेवून दुसऱ्या राज्यात नियमित कर भरण्याची सोयही नाही. एका पॅनवरील सर्व नोंदण्यांना एकच मार्ग घ्यावा लागतो. दुकानाचे भाडे सुरू झाल्यावर हे कळलेल्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. अन्न परवान्यातही दोन राज्यांत व्यवसाय झाला की मुख्य कार्यालयासाठी वेगळा केंद्रीय परवाना घ्यावा लागतो.

नावाचे संरक्षण

गावात नाव चोरायला कोणी जात नाही, शहरात जाते. ट्रेडमार्क नोंदणी देशभर लागू असते, त्यामुळे ती शाखेच्या आधी करावी; व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. मिठाई-फरसाणाचा वर्ग ३०, दुग्धजन्य पदार्थांचा २९, उपाहारगृहाचा ४३. अडचण अशी की 'सातारी', 'कोल्हापुरी' असे गावाचे नाव एकट्या मालकीचे होत नाही. त्यासोबत घराण्याचे किंवा वेगळे ठरणारे नाव हवे. अर्जात '१९६२ पासून' असे लिहिले की त्या वापराचे शपथपत्र आणि पुरावे लागतात, आणि आजोबांच्या काळातील बिले कोणी जपलेली नसतात. जुना नगरपालिका परवाना, विक्रीकराची कागदपत्रे, यात्रेच्या स्मरणिकेतील जाहिरात, छापील खोक्याचा नमुना, यांपैकी काही माळ्यावर सापडते का ते अर्ज भरण्यापूर्वी शोधावे. काहीच सापडले नाही तर पुरावा असलेले सर्वांत जुने वर्ष लिहावे, जरी ते घरातल्या सांगीवांगीपेक्षा तीस वर्षांनी अलीकडचे असले तरी.