पक्षश्रेष्ठी, प्रायमरी आणि सुपरडेलिगेट

९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यू हॅम्पशायरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यातल्या मतदारांनी केलेल्या मतदानात, बर्नी सँडर्स यांना ६० टक्के मतं मिळाली आणि हिलरी क्लिंटन यांना ३८. त्या हिशेबाने, पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणारे १५ प्रतिनिधी सँडर्स यांच्या वाट्याला आले, क्लिंटन यांच्या वाट्याला ९. तरीही नंतरच्या अनेक बातम्यांत आकडा होता १५-१५. राज्यातल्या ६ ‘सुपरडेलिगेट्स’नी क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता, तो त्यात मिळवला गेला होता. गव्हर्नर, खासदार, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे सदस्य अशा लोकांना पदामुळेच अधिवेशनात मत मिळतं. प्रायमरीत कोण जिंकलं याचं त्यांच्यावर बंधन नसतं. सँडर्स यांच्यासाठी बर्फात दारोदार फिरलेल्या तरुणांना हा आकडा पाहून संताप आला, आणि तो रास्त होता. मात्र सुपरडेलिगेट हा प्रकार ज्या भांडणातून जन्मला, ते भांडण त्या तरुणांच्या आई-वडिलांच्या काळातलं आहे.

मतदारांनी प्रायमरीत उमेदवार ठरवायचा ही पद्धत अमेरिकेत खऱ्या अर्थाने १९७२ पासूनची. त्याआधी आपल्याकडे पक्षश्रेष्ठी एबी फॉर्म देतात तसाच कारभार होता. सुरुवातीला पक्षाचे खासदार एकत्र बसून नाव ठरवत. १८२४ मध्ये अशा बैठकीला निम्मे खासदारही फिरकले नाहीत, तिने निवडलेले विल्यम क्रॉफर्ड तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि ती प्रथा संपली. मग १८३० च्या दशकात राष्ट्रीय अधिवेशनं सुरू झाली आणि सूत्रं राज्याराज्यांतल्या मातब्बरांकडे गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही राज्यांत प्रायमरी आल्या, पण त्यांचं वजन नगण्य. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, उमेदवारी मात्र तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना मिळाली. १९२० मध्ये त्याच पक्षाचे उमेदवार म्हणून हार्डिंग यांचं नाव शिकागोच्या ब्लॅकस्टोन हॉटेलमधल्या सिगारच्या धुराने भरलेल्या खोलीत पक्कं झालं, असं आजही सांगितलं जातं. १९५२ मध्ये एस्टेस केफॉव्हर यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या १५ पैकी १२ प्रायमरी जिंकल्या. अधिवेशनाने अॅडलाय स्टीव्हन्सन यांना उभं केलं.

या बंद दारावर पहिला मोठा धक्का दिला तो मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत राबलेल्या फॅनी लू हेमर यांनी. कृष्णवर्णीयांना मतदार यादीतच येऊ न देणाऱ्या राज्याचे गोरे प्रतिनिधी देशाच्या वतीने उमेदवार कसे निवडतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९६४ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटी अधिवेशनात हेमर यांच्या गटाला फक्त २ जागा देऊ केल्या गेल्या. त्यांनी त्या नाकारल्या. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो तो हा नकार.

चारच वर्षांनी बांध फुटला. मार्च १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे यूजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये ४२ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना हादरवलं. महिनाअखेर जॉन्सन यांनी माघार घेतली. जूनमध्ये उमेदवारीच्या शर्यतीत उतरलेल्या रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोत उमेदवारी मिळाली ती उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना. त्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधी १९६८ उजाडण्याआधीच जवळपास ठरून गेले होते. म्हणजे मतदार ज्या युद्धावर बोलू पाहत होते, त्यावर बोलायची वेळ येण्यापूर्वीच त्यांच्या वतीचा निर्णय झालेला होता. सभागृहाबाहेर महापौर रिचर्ड डेली यांचे पोलीस निदर्शकांना झोडपत होते आणि देश ते टीव्हीवर पाहत होता. नोव्हेंबरमध्ये निक्सन जिंकले.

या नामुष्कीनंतर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि डोनाल्ड फ्रेझर यांच्या आयोगाने नियम बदलले. प्रतिनिधी निवडणुकीच्याच वर्षी आणि उघड प्रक्रियेने निवडायचे, त्यात स्त्रिया, तरुण, अल्पसंख्याक यांना स्थान द्यायचं. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून एकामागून एक राज्यं प्रायमरीकडे वळली. १९७२ मध्ये तर खुद्द डेली यांच्याच ५९ जणांच्या गटाला नियमभंगासाठी अधिवेशनातून बाहेर काढण्यात आलं. पण उमेदवार झालेले मॅकगव्हर्न फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन जिंकू शकले, आणि १९८० मध्ये पक्षाचे राष्ट्राध्यक्ष कार्टरही पडले. मग नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर जेम्स हंट यांच्या आयोगाने १९८२ मध्ये नेत्यांसाठी बिनबंधनाच्या जागा राखल्या. १९८४ मध्ये त्या सुमारे १४ टक्के होत्या. ज्यांनी उमेदवाराबरोबर काम केलंय त्यांना त्याची पारख जास्त असते, हा त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. पण पहिल्याच परीक्षेत तो टिकला नाही. या नेत्यांनी गॅरी हार्ट यांना बाजूला ठेवून वॉल्टर मॉन्डेल यांना आधार दिला आणि मॉन्डेल ४९ राज्यांत हरले.

तेव्हापासून आजवर सुपरडेलिगेट्सनी प्रायमरीतल्या विजेत्याला डावलून दुसऱ्याला उमेदवार केलेलं नाही. २००८ मध्येही, क्लिंटन यांच्याकडे सुरुवातीला झुकलेले जॉन लुइस यांच्यासारखे नेते ओबामांची आघाडी पाहून वळले. म्हणूनच त्यांची खरी ताकद अधिवेशनातल्या मतापेक्षा आधीच्या वातावरणात शोधावी लागते. ६ जून २०१६ रोजी, कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सुपरडेलिगेट्स धरून क्लिंटन यांचं बहुमत जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला त्यातून काय संदेश गेला असेल? क्लिंटन यांना एकूण मतंही जास्त होती, तरी तो सल राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय समितीने ठरवलं की निकाल आधीच निश्चित नसेल तर सुपरडेलिगेट्स पहिल्या फेरीत मत देणार नाहीत.

२०२४ च्या जुलैमध्ये मात्र चर्चा निघाली ती वेगळ्याच नियमाची. बायडन यांना प्रायमरीत १ कोटी ४० लाखांहून अधिक मतं मिळाली होती. ट्रम्प यांच्याबरोबरच्या २७ जूनच्या वादचर्चेनंतर पक्षातले नेते आणि देणगीदार त्यांनी बाजूला व्हावं म्हणू लागले, तेव्हा अभ्यासकांनी नियमावलीतलं एक कलम पुढे आणलं: प्रतिनिधींनी आपल्याला निवडणाऱ्यांची भावना ‘सद्सद्विवेकाने’ व्यक्त करावी. ते कलमही हंट आयोगाच्याच काळातलं. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, आणि त्यांच्या नावावर निवडून आलेले प्रतिनिधी दोन दिवसांच्या आत कमला हॅरिस यांच्यामागे उभे राहिले.