पुण्यातील पर्यायी रॉक बँड

पर्यायी रॉक, म्हणजे तरुणांच्या बोलण्यातला ‘ऑल्ट रॉक’, ही १९८०च्या दशकात अमेरिकेतील कॉलेज रेडिओ आणि ब्रिटनमधील छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराने वाढलेली रॉक संगीताची शाखा. खरखरीत गिटार, दबक्या आवाजातले कडवे, मग एकदम उसळणारे धृपद आणि आपल्याच घालमेलीविषयी बोलणारी गाणी ही तिची ओळख. ‘निर्वाणा’ बँडच्या १९९१ सालच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमने हे संगीत जगभर नेले. त्याच सुमारास भारतात उपग्रह वाहिन्या सुरू झाल्या आणि पुण्यातल्या होस्टेलांमध्ये या गाण्यांच्या कॅसेटी फिरू लागल्या.

पुण्यातला बँड समजून घ्यायचा तर आधी शैक्षणिक वर्ष समजून घ्यावे लागते. जून-जुलैत देशभरातून मुले शिकायला येतात. कुणाच्या खांद्यावर गिटार असते, कुणी चर्चमध्ये की-बोर्ड वाजवलेला असतो. कँटीनमध्ये ओळखी होतात आणि दिवाळीपर्यंत चौघे जमतात. गिटारवादक मुबलक मिळतात, ड्रमर मात्र दुर्मीळ, कारण ड्रमकिट ठेवायला घर लागते आणि वाजवायला सोशिक शेजारी. म्हणून एकच ड्रमर तीन-तीन बँडमध्ये दिसतो. शेवटच्या वर्षी प्लेसमेंट होतात, एक जण बंगळूरला जातो, दुसरा परदेशी, आणि चांगली जमलेली लाइनअप, म्हणजे वादक-गायकांची जुळणी, मोडते. गुणवत्तेअभावी फुटलेल्या बँडपेक्षा नोकरीच्या गावामुळे फुटलेले बँड पुण्यात जास्त असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हिंजवडी आणि खराडीत आयटी कंपन्या आल्यावर हे थोडे बदलले. मुले शहरातच नोकरीला राहिली आणि सराव शनिवार-रविवारवर गेला.

सरावाची जागा म्हणजे ‘जॅमरूम’. ती बहुधा तळघरात किंवा गच्चीवरच्या खोलीत असते आणि तासाच्या भाड्याने मिळते. भिंतींना अंड्यांचे ट्रे नाहीतर फोम चिकटवलेला, खाली जुनी सतरंजी, आणि ड्रम पुढे सरकू नये म्हणून बेस ड्रमसमोर ठेवलेली वीट. अंड्यांच्या ट्रेने खोलीतला उंच पट्टीचा घुमारा थोडा कमी होतो. बेस गिटारचा खर्ज मात्र भिंत ओलांडून शेजारी पोहोचतोच. ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जोरात वाजवलेला ड्रमकिट खोलीत शंभर डेसिबलच्या पुढे जातो. त्यामुळे बंद खोलीशिवाय इलाज नाही. वायर तुटली की बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून जॅक (वायरच्या टोकाची पिन) आणायचा आणि घरीच डाख देऊन जोडायचा, हे बँडमधल्या एकाला तरी यावे लागते.

सुरुवात कव्हरने, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांनी होते. महाविद्यालयीन स्पर्धा हे पहिले व्यासपीठ. मुंबईत १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव जवळ असल्याने पुण्याच्या मुलांसमोर एक ठोस ध्येय होते. पुढे कोरेगाव पार्कातील ‘हाय स्पिरिट्स’सारख्या ठिकाणांनी स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना मंच दिला. डिसेंबर २०१०मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ महोत्सव पुण्यातच सुरू झाला. मोठ्या परदेशी बँडच्या जोडीला देशी स्वतंत्र बँडना त्याने त्याच आवारात, चांगल्या साउंडसह वाजवू दिले. २०१६ साली ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन येथे वाजवून गेला. ज्या शहरात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तिथे मैदानावर तासन्‌तास संगीत ऐकण्याची सवय नवी नव्हती. हा श्रोतृवर्ग तयारच होता, हे मुद्दाम नोंदवायला हवे.

मोहन कन्नन आणि कौस्तुभ धवळे ऊर्फ कोको यांचा ‘अग्नी’ हा पुण्याचा सर्वांत परिचित बँड. त्यांचा पहिला अल्बम २००७ साली आला. हिंदी शब्द, रागदारीकडे झुकणारे गायन आणि रॉक गिटार असा मेळ त्यांनी घातला. एमटीव्हीवरील ‘रोडीज’ या रिअ‍ॅलिटी शोमुळे त्यांची गाणी घराघरात गेली. त्यानंतरच्या पिढीतला ‘ईझी वाँडरलिंग्ज’ (स्थापना २०१५) हा सन्यांत नारोथ यांचा बँड इंग्रजीत गातो. त्याचा बाज मृदू, लोकसंगीताच्या जवळ जाणारा आहे.

या दोन्ही उदाहरणांत भाषा मराठी नाही, आणि त्याला संगीताच्या अंगाचेही कारण आहे. इंग्रजी शब्दातल्या एका अक्षरावर ठळक आघात पडतो; तो स्नेअर ड्रमच्या (ड्रमकिटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या) ठोक्यावर अचूक बसवता येतो. मराठीत आघात तितका ठळक नसतो, आपले छंद अक्षरे आणि मात्रा मोजतात. शिवाय भावगीताने आपल्या कानाला शब्द सुटा ऐकू येण्याची सवय लावली आहे; गिटारचा खरखराट नेमका व्यंजनांच्या पट्टीवर येऊन बसतो आणि शब्द झाकले जातात. तरीही अभंगाचा साचा रॉकला परका नाही. ‘मोठा अभंग’ या छंदाच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात. एका चरणाला चार ठोक्यांचे एक आवर्तन आणि प्रत्येक ठोक्याला दोन अक्षरे धरली, तर पहिल्या तीन चरणांनंतर एकेक ठोका मोकळा राहतो आणि चौथ्यानंतर दोन. टाळकरी ही जागा भरतात. गिटारवादकही भरू शकतो. बोलताना ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ गळतो, अभंगात मात्र ‘घर’ दोन अक्षरांचे धरून गायले जाते. गायकाने ते बोलीप्रमाणे तोडून गायले, तर अर्धा ठोका आणखी मोकळा होतो, आणि तिथे गिटारची एक तार छेडायला पुरेशी जागा मिळते.