आवाजाचा कोनाडा

मृगाचा पहिला दणका झाला की मराठवाड्यातल्या कुठल्याही पाझर तलावाच्या काठावर रात्री दोन माणसांना धड बोलता येत नाही. यातले बरेचसे तलाव १९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर खोदले गेले. पाणी साठलं तसे बेडूकही आले. उन्हाळाभर मातीत दडलेला दांडगा नर त्या रात्री हळदीसारखा पिवळाधमक होऊन बाहेर येतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवतो आणि ‘डराँव’ करतो. दोन डराँवच्या मधल्या फटीत अंगठ्याच्या नखाएवढा एखादा बेडूक कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा ‘कर्रर्र’ करत राहतो. वरून रातकिडे असतातच. आपल्याला तो नुसता गलका वाटतो, पण थोडा वेळ कान देऊन ऐकलं तर कळतं की मोठ्याचा सूर खाली आहे, धाकट्याचा वर, आणि मादीला आपापला नर बरोबर ऐकू येतो.

अमेरिकेतले बर्नी क्राउझ मूळचे संगीतकार. जंगलांचे आवाज टिपत फिरताना १९८०च्या दशकात त्यांना जाणवलं की एकत्र राहणारे प्राणी आवाजाची जागा वाटून घेतात. कोणी खालचा सूर घेतो, कोणी वरचा, कोणी दुसरा थांबला की सुरू करतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत भिंतीला कोनाडे असायचे, एकात दिवा, दुसऱ्यात देव, तिसऱ्यात चुन्याची डबी. तसा प्रत्येकाचा आवाजाचा कोनाडा. क्राउझ यांची कल्पना सगळ्याच शास्त्रज्ञांनी जशीच्या तशी मानलेली नाही, पण पुढचा प्रश्न तिच्यातूनच निघाला : बाहेरचा कोणी येऊन नेमक्या त्याच कोनाड्यात पसरला तर?

गोंगाटात आवाज चढवण्याची गोष्ट त्याहून बरीच जुनी. फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञ एतिएन लोंबार यांनी १९११मध्ये दाखवलं की भोवती कलकलाट असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलू लागतो. लग्नाच्या मांडवात बँडशेजारी पंगतीला बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढे पक्ष्यांत आणि इतर प्राण्यांतही हेच आढळलं, आणि अभ्यासकांचं लक्ष रस्ते, विमानं, जहाजं यांच्याकडे गेलं. गोंगाट म्हणजे माणसाचा, हे जणू ठरूनच गेलं.

परकीय प्रजातींचा हिशेब मात्र पोटावरून मांडला जात होता. कोण कोणाला खातं, कोण कोणाचा चारा पळवतं, कोण विषारी आहे. उसातले भुंगेरे खाण्यासाठी १९३५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आणलेला केन टोड नावाचा बेडूक हे त्याचं ठरलेलं उदाहरण. त्यानं भुंगेरे काही आवरले नाहीत, उलट त्याच्या विषानं त्याला गिळणारे प्राणी मेले. तो रात्रभर ओरडतो याची दखल फार उशिरा घेतली गेली.

परकीय प्रजाती आणि आवाज यांची गाठ २०१२मध्ये कामिला बोथ आणि तारान ग्रँट यांनी ब्राझीलमध्ये बांधली. तिथे अमेरिकी बुलफ्रॉग हा दांडगा बेडूक १९३०च्या दशकात शेतीसाठी, म्हणजे मांसासाठी पाळायला, नेला होता. तो सुटला आणि पसरला. या दोघांनी गाणाऱ्या स्थानिक झाडबेडकांसमोर स्पीकर ठेवून बुलफ्रॉगचं ध्वनिमुद्रण वाजवलं. झाडबेडकांनी लगेच सूर वर नेला. स्पीकर बंद झाल्यावरही तो खाली आला नाही, शिवाय हाक तोकडी झाली. म्हणजे खरा बुलफ्रॉग समोर नसताना, नुसत्या आवाजानं. हे साधं वाटेल, पण बेडकांमध्ये सूर सहसा अंगाच्या मापावर ठरतो, मोठ्या नराचा खालचा. सूर वर गेला तर मादीला तोच नर किरकोळ वाटू शकतो. बुलफ्रॉगचा आवाज तर इतका रुंद पसरलेला आहे की एकाच वेळी कितीतरी जातींचे कोनाडे झाकून टाकतो.

फ्लोरिडात जेनिफर टेनेसन आणि सहकाऱ्यांनी क्युबातून आलेल्या झाडबेडकाचा गलका दोन स्थानिक जातींना ऐकवला. हा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या जातीची हाक पाहुण्याच्या हाकेसारखी होती, तिनं हाक आखूड केली, आवाज वाढवला आणि जास्त वेळा ओरडायला सुरुवात केली. जिची हाक वेगळ्या वळणाची होती, तिच्यावर काही परिणाम झाला नाही. मला हा भाग सर्वांत पटण्यासारखा वाटतो. नुसता मोठा आवाज तितका नडत नाही, आपल्यासारखाच आवाज जास्त नडतो. शिवाय जास्त ओरडायला ताकद लागते, आणि शिकाऱ्यालाही पत्ता लागू शकतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सर्वांत घातक १०० परकीय प्रजातींच्या यादीत, जी २००० साली निघाली, उभयचर तीनच आहेत : केन टोड, बुलफ्रॉग आणि पोर्टो रिकोचा कोकी. तिन्ही गळ्याचे पक्के. कोकीचं नावच त्याच्या हाकेवरून पडलंय. त्यातला ‘को’ इतर नरांना दटावण्यासाठी आणि ‘की’ मादीसाठी, हे १९७६मध्ये दाखवलं गेलं. रोपवाटिकेतल्या कुंड्यांबरोबर तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाईत पोचला. तिथे मुळात एकही बेडूक नव्हता.

आपल्याकडे आलेले उपरे मात्र बहुतेक मुके. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं गाजर गवत, घाणेरी, नांदेडला गोदावरी झाकून टाकणारी जलपर्णी, माळांवरची वेडी बाभूळ. पण मुक्यांचाही आवाजाशी संबंध येतो. दाट झाडीत पानाफांद्यांवर आपटून वरचे, भरभर तानांचे सूर विस्कटतात. युजीन मॉर्टन यांनी १९७५मध्ये पनामातल्या पक्ष्यांवरून मांडलं की जंगलातली गाणी आणि मोकळ्या रानातली गाणी यामुळेच वेगळी घडतात. आपला चंडोल उघड्या माळावर आभाळात चढून गातो, त्याचं गाणं त्या मोकळेपणासाठीच बेतलेलं. त्या माळावर काटेरी बाभळीची भिंत उभी राहते तेव्हा जागेबरोबर हवेतली वाटही अडते.

घातक १०० प्रजातींच्या त्याच यादीत पक्षीही तीनच आहेत, आणि त्यांतले दोन आपल्या अंगणातले. साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. साळुंकी १८६२मध्ये मेलबर्नला नेली गेली, आणि तिथले लोक आता तिच्या कलकलाटाला वैतागतात. १८९०च्या दशकात झांझिबारला कचरा साफ करायला नेलेला आपला गावकावळा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतका माजला की केनियाने २०२४मध्ये १० लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली.

आणि तो पाझर तलावावरचा पिवळा? एके काळी त्याच्या तंगड्या परदेशी जात, ती निर्यात भारतानं १९८७मध्ये बंद केली. मुख्य भूमीवर तो पहिल्या पावसाचा निरोप्या, पण अंदमान बेटांवर माणसांबरोबर पोचून तो आक्रमक ठरलाय. त्याची पोरं, म्हणजे बेडूकमासे, तिथल्या स्थानिक जातींची पिल्लं गिळतात. पावसाळ्यात तिथल्या डबक्यांवर तोच ‘डराँव’ घुमतो, आणि छोट्या स्थानिक बेडकांना त्याच्या मधल्या फटी शोधाव्या लागत असतील.