रामगिरी, हिडिंबा टेकडी आणि धूम्रेश्वर : नागपूरजवळच्या देवळांच्या आख्यायिकांमागचा इतिहास

रामटेकच्या गडावर एका लहानशा मंडपात एकाच दगडात कोरलेला भलामोठा वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचे, अशी भाविकांची रीत आहे. जो निघाला तो पापातून सुटला, जो अडकला त्याचे पाप अजून शिल्लक आहे, असे मानतात. आजीने आपल्या आईकडून ऐकलेली ही गोष्ट नातवंडे तिथे उभी राहून ऐकतात आणि मग वाकून आत शिरतात. हा वराह पाचव्या शतकातला आहे. तो घडवला गेला तेव्हा रामटेक हे एका मोठ्या राज्याचे प्रमुख देवस्थान होते आणि राजधानी डोंगरापासून जवळच होती. ही माहिती मात्र त्या मंडपात सहसा कोणी सांगत नाही.

गूढ देवळे आणि त्यांच्या आख्यायिका यांविषयी हल्ली भरपूर बोलले जाते. त्यात चमत्कार सांगितला जातो आणि काळ, राजा, शिलालेख हे सगळे गळून जाते. नागपूरच्या आसपासच्या देवळांबाबत हे जास्त खटकते. इथल्या आख्यायिका हवेत तयार झालेल्या नाहीत. राजघराणी संपली, राजधान्या ओस पडल्या, बांधणाऱ्यांची नावे पुसली गेली; पण जागा पवित्र आहे एवढे लोकांच्या लक्षात राहिले. ती का पवित्र आहे, याचे उत्तर मग लोकांनी रामायण-महाभारतातून शोधले. अशी कथा नीट ऐकली तर ती नेमक्या जागेकडे बोट दाखवते, हे या भागात एकदा नव्हे, अनेकदा दिसून आले आहे.

विदर्भावर तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पाचव्या शतकाच्या अखेरपर्यंत वाकाटकांचे राज्य होते. त्यांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला होती. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळातली. दुसरी शाखा नंदिवर्धनची. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. या घराण्यातल्या दुसऱ्या रुद्रसेनाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता दिली होती. रुद्रसेन लवकर वारला, मुले लहान होती, आणि राज्याचा कारभार प्रभावतीने स्वतः हाती घेतला. नगरधनला अलीकडे झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आहे. पंधराशे वर्षांपूर्वी नागपूरच्या पंचक्रोशीत एका बाईच्या नावाच्या मुद्रेने कारभार चालत होता, ही गोष्ट मला कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

प्रभावतीचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेला ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पादमूलाहून’ दिलेला आहे. म्हणजे रामगिरीच्या देवाच्या पायांशी बसून राणीने ते दान दिले. दुसरा ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेला. त्यात दान कार्तिक शुद्ध द्वादशीला, भगवंताच्या चरणी निवेदन करून दिल्याचे म्हटले आहे. आज रामटेकची मोठी यात्रा कार्तिकातच भरते. वैकुंठ चतुर्दशीला शोभायात्रा निघते, त्रिपुरी पौर्णिमेला गडावर त्रिपूर पेटतो आणि त्यासाठी खेड्यापाड्यांतून माणसे लोटतात. मधल्या काळात किती राजवटी आल्या आणि गेल्या, पण महिना तोच राहिला.

आता कालिदास. ‘मेघदूता’चा विरही यक्ष रामगिरीवरच्या आश्रमांत राहतो. तिथले पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले आहे आणि डोंगराच्या उतारावर रघुपतीची वंदनीय पावले उमटलेली आहेत, असे कवी सांगतो. हा रामगिरी कोणता? टीकाकार मल्लिनाथाने चित्रकूट म्हटले, काहींनी छत्तीसगडातल्या रामगडाकडे बोट दाखवले. नागपूरचे प्राच्यविद्यापंडित वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामटेकच्या बाजूने आयुष्यभर पुरावे मांडले. कालिदासाची रामाची पावले आणि ताम्रपटातले रामगिरिस्वामीचे पादमूल शेजारी ठेवून पाहिले की मिराशींचे म्हणणे पटते. राम वनवासात इथे टेकला म्हणून रामटेक, असे गावातला कोणीही सांगेल. या श्रद्धेचे वय किमान दीड हजार वर्षे आहे, हे ताम्रपट सांगतो.

गडावर नरसिंहाची दोन देवळे आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. दोन्ही लहान, भक्कम, शिखराविना. आतला नरसिंह हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नाही. हातात चक्र घेऊन एखाद्या राजासारखा ऐसपैस बसलेला आहे. केवल नरसिंहाच्या भिंतीवर वर्षानुवर्षे चुन्याचे थर चढत गेले होते. १९८०च्या दशकात ते काढल्यावर खालून वाकाटककालीन शिलालेख बाहेर आला. पुरातत्त्वज्ञ अरविंद जामखेडकरांनी तो वाचला. लेख झिजलेला असला तरी त्यात प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी केलेल्या धर्मकार्याचा उल्लेख मिळतो आणि देवाचे नाव ‘प्रभावतीस्वामी’ असे येते. मुलीने आईच्या नावाने देऊळ उभारले. पुढची कित्येक शतके लोक तिथे नारळ फोडत राहिले आणि त्या आईचे नाव कोणाला ठाऊक नव्हते.

याच लेखात घटोत्कच हे नाव येते. तो गुप्त घराण्यातला राजपुरुष असावा, असे अभ्यासक मानतात. या नावापाशी मी दर वेळी थांबतो, कारण रामटेकहून जेमतेम काही किलोमीटरवर मनसर आहे आणि मनसरला हिडिंबा टेकडी आहे. भीमाची राक्षसी पत्नी हिडिंबा इथे राहत होती, ही तिथली जुनी आख्यायिका. आणि हिडिंबेचा मुलगा घटोत्कच. हा निव्वळ योगायोग असेल. नाव लोकांच्या तोंडी राहिले आणि माणूस विसरला गेला, असे इथे घडले, हे म्हणायला पुरावा नाही. पण विचार मनात येतोच.

या टेकडीची हकीकत सविस्तर सांगायला हवी. १९७२ साली मनसरला शिवाची एक अप्रतिम मूर्ती मिळाली. ठेंगणी, गुबगुबीत, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे १९९०च्या दशकाच्या अखेरीस मोठे उत्खनन सुरू झाले ते वेगळ्याच शोधासाठी. बौद्ध आचार्य नागार्जुन या परिसरात राहिले अशीही एक परंपरा आहे. नागपूरचे भदंत सुरेई ससाई यांनी त्यासाठी पुढाकार घेतला आणि जगत्पती जोशी व अरुणकुमार शर्मा या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. हिडिंबा टेकडीच्या पोटातून निघाले विटांचे प्रचंड शिवालय. टप्प्याटप्प्याने चढत जाणारे ओटे, कोनाडे, पायऱ्या. शिवाय ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेल्या मुद्रा. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने आपल्या नावाने उभारलेले हे देवस्थान, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची नवी राजधानी प्रवरपूर ही वर्धा जिल्ह्यातले पवनार असावी, असे मिराशींचे मत होते. मनसरच्या शोधानंतर पारडे इकडे झुकले.

टेकडीखाली आणखी एक गोष्ट सापडली. विटांच्या बांधकामात मातीने घडवलेली, आडवी पडलेली मानवी आकृती. उत्खनन करणाऱ्यांनी तिचा संबंध प्राचीन पुरुषमेधाशी, म्हणजे प्रतीकात्मक नरबळीशी जोडला. तो अर्थ सर्वांनी मान्य केलेला नाही. राक्षसीच्या टेकडीच्या पोटात माणसाची आकृती निघावी, यावर भडक मजकूर सहज रचता येईल. वास्तू उभारताना तिच्या पायात प्रतीकात्मक पुरुष ठेवण्याची कल्पना यज्ञवेदीच्या परंपरेत होती, एवढे लक्षात घेतले तर भीतीपेक्षा कुतूहलच वाढते. प्रवरसेन हे नाव विस्मरणात गेल्यावर विटांचा एवढा डोंगर कोणी रचला असेल, या प्रश्नाला गावाने हिडिंबा हे उत्तर दिले. सामान्य माणसाचे हे काम नव्हे, एवढा त्या उत्तरातला अंदाज बरोबरच होता.

असाच अंदाज विदर्भात ‘हेमाडपंती’ म्हणवल्या जाणाऱ्या देवळांबाबत दिसतो. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याने राक्षसांकडून एका रात्रीत देवळे बांधून घेतली, ही कथा गावोगाव ऐकू येते, आणि ती हेमाद्रीच्या कितीतरी आधीच्या देवळांनाही लावली जाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवस्थानाबद्दलही एका रात्रीतल्या बांधकामाची गोष्ट सांगतात. चुन्याविना एकावर एक रचलेले अवजड दगड पाहिले की ती का सुचली, ते कळते.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आले आणि जुन्या पवित्र जागांना पुन्हा राजाश्रय मिळाला. पहिल्या रघुजींनी रामटेकचे राममंदिर नव्याने उभे केले. त्यातल्या मूर्ती सूर नदीच्या पात्रात सापडल्या, अशी कथा आहे. सीताबर्डीचा टेकडी गणपती पिंपळाच्या बुंध्याशी प्रकटलेला स्वयंभू. एकेकाळी शुक्रवारी तलावाचे पाणी टेकडीपर्यंत येई आणि भोसले राजे नावेतून दर्शनाला येत, असे जुने नागपूरकर सांगतात. याच टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली आणि स्वतंत्र राज्याचा शेवट जवळ आला. सावनेरकडच्या अदासा येथील शमी विघ्नेशाची मूर्ती भव्य आहे. बळीकडे जाण्यापूर्वी वामनाने इथे गणेशाची आराधना केली, असे क्षेत्रमाहात्म्य सांगते. रामटेकच्या गडावरही वाकाटककाळातला त्रिविक्रम, म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा वामन, आहे; म्हणजे वामनाची ओळख या भागाला जुनी आहे. कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, ही श्रद्धा नवरात्रात रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते. कोराडीचे जुने नाव जाखापूर, आणि तिथल्या झोलन राजाला सात मुलग्यांनंतर नवसाने झालेली मुलगी म्हणजे देवी, अशी मूळ कथा आहे. मुलगी व्हावी म्हणून नवस करणारा राजा, ही या कथेतली मला सर्वात प्रिय गोष्ट.

पुन्हा रामटेकला यायला हवे, कारण तिथली सर्वात अवघड आख्यायिका अजून सांगायची आहे. या डोंगराला सिंदूरगिरी असेही म्हणतात. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारले, त्याच्या रक्ताने दगड लाल झाले, असे कारण देतात. उन्हात इथला दगड खरोखर तांबूस दिसतो. पण याच डोंगराशी शंबूकाचीही कथा जोडलेली आहे. रामायणाच्या उत्तरकांडात तप करणारा शूद्र म्हणून रामाने ज्याचा वध केला, तोच शंबूक. स्थानिक परंपरेप्रमाणे मरताना त्याने रामाकडे वर मागितले : तू इथेच राहा आणि माझीही पूजा होऊ दे. गडावरचा धूम्रेश्वर महादेव म्हणजे शंबूक, असे मानतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या या डोंगराची ही कथा हलक्याने घेता येत नाही. वर मिळाला म्हणून वधाचे दुःख कमी होत नाही, आणि मला ती कथा तशी वाचायचीही नाही. पण रामाच्या गडावर ज्याचा वध झाला त्याचेही देऊळ असावे, हे कोणी तरी ठरवले आणि ते टिकवले. आधुनिक काळात कोणी ही सारवासारव केली, असेही नाही. गडावरच्या लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे. त्यात डोंगरावरच्या तीर्थांचे वर्णन करताना रामाच्या हातून मारला गेलेला शूद्र मुनी शंबूक विष्णुपदाला पोहोचला आणि या डोंगरावर धूम्राक्ष नावाने प्रसिद्ध झाला, असे लिहिले आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस ही परंपरा दगडात कोरण्याइतकी जुनी आणि मान्य झालेली होती.