‘आतली उशी समाविष्ट नाही’: वाचूनही न दिसलेलं वाक्य

मैत्रिणीने माझ्यासमोर एक उघडलेलं पार्सल ठेवलं. ती उशांचे अभ्रे शिवते आणि ऑनलाइन विकते. पार्सलमध्ये तिनेच शिवलेला अभ्रा होता, घडीसुद्धा न मोडलेला. परत पाठवण्याचं कारण म्हणून खरेदीदाराने लिहिलं होतं, “आत उशी नाही.” लिस्टिंगमध्ये ‘आतली उशी समाविष्ट नाही’ हे वाक्य होतं, चौथ्या ओळीत. त्या महिन्यातला हा पहिला रिटर्न नव्हता.

“लोक हल्ली वाचतच नाहीत गं,” ती म्हणाली.

ऑनलाइन विकणाऱ्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. चित्र मागवणाऱ्याला फ्रेमही हवी असते, फोनचं कव्हर घेणारा ‘मॉडेल चुकलं’ म्हणून ते परत पाठवतो, आणि बाहुलीघरातली खुर्ची मागवलेला माणूस ती बसण्याच्या मापाची नाही म्हणून एक तारा देतो. मग कुणीतरी गोल्डफिशची गोष्ट सांगतं: माणसाची एकाग्रता आता 8 सेकंदांवर आली आहे आणि गोल्डफिशची 9 सेकंदांची आहे. ही गोष्ट 2015 पासून जगभर फिरते आहे आणि तिच्यामागे कोणताही प्रयोग नाही. ‘एकाग्रता किती सेकंदांची’ असा एकच आकडा मुळात असू शकत नाही, कारण तो कामाप्रमाणे बदलतो. गोल्डफिशला तर शिकवलेल्या गोष्टी महिनोन्‌महिने लक्षात राहतात. अशा फॉरवर्डांमुळे खरा प्रश्न झाकला जातो, म्हणून मला त्यांचा राग येतो. माझं म्हणणं असं, की तिच्या खरेदीदाराने ते पान वाचलं होतं. डोळा आणि मेंदू मिळून जसं वाचतात तसंच त्याने वाचलं, आणि उशी त्या वाचण्याच्या पद्धतीतूनच हरवली.

सुरुवात डोळ्यापासून करू. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात हे शाळेत शिकलेलं असतं: अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे 60 लाख. पण त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. दृष्टिपटलाच्या मध्याजवळ फोव्हिया नावाचा जेमतेम 1.5 मिलिमीटरचा खळगा आहे. शंकुपेशींची खरी दाटी तिथे असते, आणि अगदी मध्यभागी तर दंडपेशी नसतातच. आकाशातला अंधुक तारा थेट पाहिला की दिसेनासा होतो आणि किंचित बाजूला पाहिलं की पुन्हा दिसतो, ते यामुळेच.

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. ते नख डोळ्याशी साधारण 2 अंशांचा कोन करतं, आणि लखलखीत दिसण्याचा आपला सगळा पट्टा जवळपास तेवढाच आहे. फोन डोळ्यांपासून 40 सेंटिमीटरवर धरला, तर 2 अंश म्हणजे पडद्यावरचा सुमारे 1.4 सेंटिमीटरचा गोल. पडदा 7 बाय 15 सेंटिमीटरचा असेल तर हा गोल त्याच्या क्षेत्रफळाचा साधारण सत्तरावा हिस्सा भरतो. उरलेले एकोणसत्तर हिस्से त्या क्षणी धूसर असतात. तरी आपल्याला अख्खं पान स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण मेंदूला जिथलं काही हवं असतं तिथे डोळा लगेच जाऊन पोचतो.

डोळा जातो तो मात्र सरकत नाही, उड्या मारत जातो. या उडीला सॅकेड म्हणतात. वाचताना नजर एका जागी सरासरी 200 ते 250 मिलिसेकंद थांबते, मग सुमारे 30 मिलिसेकंदांत पुढे झेपावते. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळे असतो. आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे, मग पुन्हा डाव्याकडे. शेजारी उभ्या असलेल्याला तुमचे डोळे हलताना दिसतील. तुम्हाला ते कधीच दिसणार नाहीत, कितीही प्रयत्न करा.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग. 1975 मध्ये जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर या मानसशास्त्रज्ञांनी डोळ्यांच्या हालचाली मोजणारं यंत्र संगणकाला जोडलं. पडद्यावर मजकूर होता, पण वाचकाची नजर जिथे असेल तिथली थोडीच अक्षरं खरी ठेवली जात. बाकी सगळ्या अक्षरांच्या जागी ‘क्ष’सारखं एकच निरर्थक अक्षर. नजर हलली की खऱ्या अक्षरांची ती खिडकीही तिच्याबरोबर हलायची. मागे उभ्या असलेल्या माणसाला फुल्यांनी भरलेलं पान दिसायचं आणि त्यात धावणारा एक छोटासा तुकडा. वाचणाऱ्याला मात्र, खिडकी पुरेशी मोठी असेल तर, काहीच वेगळं जाणवत नसे. तो नेहमीच्या वेगाने वाचत असे आणि पूर्ण पान आपल्यासमोर आहे अशी त्याची खात्री असे.

खिडकी कितपत मोठी लागते? इंग्रजी वाचताना नजरेच्या डावीकडे 3 ते 4 अक्षरं आणि उजवीकडे 14 ते 15. त्यातही शब्द ओळखू येतात ते उजवीकडच्या 7-8 अक्षरांपर्यंतच. त्यापुढे फक्त शब्दाची लांबी आणि मधली मोकळी जागा कळते. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे ही खिडकी उलटी होते, डावीकडे लांब. म्हणजे ही असमानता डोळ्यात नाही, लक्षात आहे. पुढे काय येणार तिकडे मेंदू आधीच झुकलेला असतो.

रेनर यांनी याच्या पुढची पायरीही गाठली. ओळीत एक अदृश्य सीमा ठरवायची आणि नजर उडी मारून ती ओलांडत असताना, त्या 30 मिलिसेकंदांच्या आंधळेपणात, पुढचा शब्द बदलून टाकायचा. बहुतेक वाचकांना शब्द बदललेला कळत नाही. पण त्या शब्दावर नजर किंचित जास्त वेळ थांबते. डोळ्याच्या कडेने आधी टिपलेल्या अंदाजाशी समोर आलेला शब्द जुळत नसतो आणि तो हिशोब पुन्हा मांडावा लागतो. वाचन म्हणजे अंदाज बांधणं आणि पडताळणं, दर सेकंदाला तीन-चार वेळा, हे या प्रयोगातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही.

पडताळण्यातही मेंदू काटकसर करतो. इंग्रजी मजकुरातल्या साधारण एक तृतीयांश शब्दांवर नजर थांबतच नाही. शब्द जितका छोटा आणि संदर्भावरून जितका अपेक्षित, तितका तो ओलांडला जाण्याची शक्यता जास्त. ओलांडलेला शब्द वाचलेलाच नसतो असं नाही. तो कडेने ओळखलेला असू शकतो. पण तो ओळखण्यात डोळ्याचा वाटा कमी आणि अंदाजाचा वाटा मोठा असतो. ‘मिनिटाला हजारो शब्द वाचा’ अशी जाहिरात करणाऱ्या वर्गांचा दावा इथेच कोसळतो. इंग्रजीतलं माहितीपर लेखन मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द आहे, असं मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 मध्ये 190 अभ्यास एकत्र करून दाखवलं. त्याच्या कितीतरी पट वेगाने जाणारा माणूस समजण्याचा काही भाग सोडून देत असतो.

आता अभ्र्याकडे परत येऊ. पानावर सर्वात वर फोटो आहे, आणि फोटोत गुबगुबीत उशी. तशी असणारच, कारण रिकामा अभ्रा फोटोत फडक्यासारखा दिसतो. खरेदीदाराची नजर प्रथम तिथे जाते आणि पहिल्याच सेकंदात अंदाज तयार होतो: ही उशी आहे. त्यानंतरची प्रत्येक ओळ त्या अंदाजाच्या उजेडात वाचली जाते. कापूस, माप, रंग, धुण्याच्या सूचना, सगळं उशीशी जुळतं. चौथ्या ओळीत ‘आतली उशी समाविष्ट’ हे शब्द येतात, तेही जुळतात. अंदाज मोडणारा एकच शब्द, ‘नाही’, मराठीत वाक्याच्या अगदी शेवटी बसलेला असतो. ‘उशी समाविष्ट’ इथवर आलेला मेंदू पुढच्या ओळीवर उडी मारायला तयार झालेला असतो.

जुळणारं चुकीचं वाक्य आपण किती सहज गिळतो, याचा एक नमुना. पाण्यातलं प्रतिबिंब पाहून भीमाने फिरत्या माशाच्या कोणत्या अवयवाचा वेध घेतला? उत्तर ‘डोळा’ असं मनात आलं असेल, तर भीमाचं नाव पुन्हा वाचा. वेध अर्जुनाने घेतला होता, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. 1981 मध्ये थॉमस एरिकसन आणि मार्क मॅटसन यांनी बायबलमधल्या महापुराच्या कथेवर असाच प्रयोग केला: मोझेसने आपल्या नौकेत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? नौका नोआची होती हे माहीत असलेले लोकही ‘दोन’ म्हणून मोकळे झाले. घाईमुळे हे घडत नाही. प्रश्न मोठ्याने वाचायला लावला तरी माणसं फसतात.

नकाराची आणखी एक अडचण आहे. नकारार्थी वाक्य समजायला होकारार्थी वाक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे पीटर वेसन यांच्या प्रयोगांपासून, म्हणजे 1960च्या आसपासपासून माहीत आहे. तो वेळ कुठे जातो? बार्बरा काउप आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना ‘आकाशात गरुड नव्हता’ अशा अर्थाची वाक्यं वाचायला दिली आणि लगेच गरुडाचं चित्र दाखवलं. पंख पसरलेला, म्हणजे आकाशातला गरुड त्यांनी जास्त पटकन ओळखला. वाक्य सांगत होतं की गरुड तिथे नाही, पण मनाने आधी तो तिथे उडवला होता. ‘उशी समाविष्ट नाही’ वाचणाऱ्याच्या मनातही आधी उशीच उभी राहते, आणि मग ती पुसावी लागते. फोटोने ती आधीच उभी केलेली असेल तर पुसणं आणखी अवघड.

ऑर्डर दिल्यापासून पार्सल येईपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात शब्द विरतात आणि गोळाबेरीज अर्थ उरतो. विल्यम ब्रुअर आणि जेम्स ट्रेयन्स यांनी 1981 मध्ये काही विद्यार्थ्यांना विद्यापीठातल्या एका कार्यालयाच्या खोलीत अगदी थोडा वेळ बसवलं आणि नंतर तिथे काय काय होतं ते लिहायला सांगितलं. काहींनी पुस्तकं लिहिली. खोलीत पुस्तकं नव्हती. विद्यापीठातल्या अशा खोलीत ती असतात, एवढंच. म्हणून “लिस्टिंगमध्ये उशी होती” असं ठामपणे सांगणारा खरेदीदार बहुतेकदा खोटं बोलत नसतो. वापरून परत पाठवणारे, बदलून दुसरीच वस्तू डब्यात घालणारे असतात, आणि त्यांचा उपद्रव खराच आहे. पण सगळ्या रिटर्नना तोच शिक्का मारला की दुरुस्त करता येण्याजोगी चूकही दुरुस्त होत नाही.

बाहुलीघराच्या खुर्चीची गोष्ट वेगळी, तिथे भूमिती फसवते. 4 सेंटिमीटरची वस्तू 40 सेंटिमीटरवरून आणि 40 सेंटिमीटरची वस्तू 4 मीटरवरून डोळ्याशी एकच कोन करते, त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन्हींचे फोटो सारखेच दिसतात. मोकळ्या फोटोत माप नसतंच. ते पाहणारा आपल्या ओळखीच्या खुर्चीवरून भरतो. भूवैज्ञानिक खडकाच्या फोटोत हातोडा किंवा नाणं ठेवतात ते याचसाठी. आणि लांबीचा अंदाज दुप्पट चुकला तर आकारमानाचा आठपट चुकतो, म्हणून डबा उघडल्यावरचा धक्का एवढा मोठा असतो.

हे सगळं ऐकून मैत्रीण म्हणाली, “मग ते वाक्य मोठ्या लाल अक्षरांत टाकू का?” मी नको म्हटलं. लाल, ठळक, चौकटीतला मजकूर जाहिरातीसारखा दिसतो, आणि वेबपानावर जाहिरातीसारखं दिसणारं काहीही ओलांडून जायला डोळे शिकलेले आहेत. शिवाय वाक्य नकारार्थी ते नकारार्थीच राहणार. त्यापेक्षा नावातच पहिला शब्द ‘रिकामा’ हवा: ‘रिकामा अभ्रा, चेन असलेला’. यात पुसायला काही नाही. आणि पहिला फोटो असा हवा, की अंदाजच बरोबर बांधला जाईल.

आणखी एक गोष्ट तिला पटायला वेळ लागला: तिची लिस्टिंग तिला स्वतःला तपासता येणार नाही. तिच्यासाठी त्यातला प्रत्येक शब्द अपेक्षित आहे, त्यामुळे तिची नजर तर खरेदीदारापेक्षाही लांब उड्या मारते. काहीच माहीत नसलेल्या कुणाला तरी ते पान पाच सेकंद दाखवायचं, फोन काढून घ्यायचा आणि विचारायचं, “पार्सलमध्ये काय येईल?”

तिने तिथेच फोटो काढायला घेतला. घडी घातलेला अभ्रा सपाट ठेवला, चेन उघडली, आतली रिकामी बाजू दिसेल अशी कड दुमडली आणि शेजारी स्वतःचा हात ठेवला. गुबगुबीत उशीचा फोटो दुसऱ्या क्रमांकावर गेला. मग तिने शेजारच्या खोलीतून भावाला हाक मारली, फोन त्याच्यासमोर धरला आणि मनात पाच आकडे मोजले.

“काय येईल पार्सलमध्ये?”

“उशीची खोळ,” तो म्हणाला. “उशी आपलीच घालायची असेल ना?”