धंद्यासाठीचे छोटे कर्ज आणि काढून टाकलेली एक अट

पुणे जिल्ह्यात गरिबांच्या कर्जाचा विषय निघाला की सुप्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे. मे १८७५ मध्ये तिथे सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला आणि त्यानंतर पुरंदर तालुक्यासाठी मांडलेली शेतकरी बँकेची योजना लंडनने नाकारली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मिळाली. पण या सगळ्यात कर्जदार म्हणून डोळ्यांसमोर होता तो जमीनवाला शेतकरी. ज्या बाईच्या नावावर ना सातबारा, ना घर, तिचा विचार व्हायला आणखी ऐंशी-पंचाऐंशी वर्षे जावी लागली.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस खेड तालुक्यात बायकांचे बचत गट उभे राहू लागले. १९९२ मध्ये देशभरात ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. दहा ते वीस जणींनी आधी सहा महिने बचत करायची, आपसांत कर्ज द्यायचे, हिशोब चोख दिसला की बँक बचतीच्या चौपटीपर्यंत पैसे देणार. तारण काही नाही. गटातल्या कर्जाला महिन्याला दोन टक्के व्याज लागे. हा दर कमी नाही, पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडत असे आणि वर्षाअखेरीस सगळ्यांच्या वाट्याला येत असे.

शहरातली गरज वेगळी होती. मार्केट यार्डात पहाटे माल उचलायला रोकड लागते. भाजीवालीने सकाळी नव्वद रुपये घ्यायचे आणि संध्याकाळी शंभर परत करायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. म्हणजे दिवसाला अकरा टक्के! तरी ती घेत असे, कारण माल त्याच दिवशी विकला जातो आणि सकाळी सहा वाजता दुसरे कोणी दारात उभे करत नाही. १९९० च्या दशकात पुण्यात याच बायकांना गटाच्या हमीवर छोटी कर्जे मिळू लागली. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, ही पद्धत १९७० च्या दशकातल्या बांगलादेशातून आली होती. २००० नंतर हेच काम नफ्यासाठी करणाऱ्या कंपन्या वस्त्यांमध्ये उतरल्या. आधी बचत ही पायरी तिथे नव्हतीच. ओळखपत्र, फोटो, पाचजणींचा गट आणि दर आठवड्याला हप्ता.

२०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच आणि आत्महत्या यांवरून वटहुकूम निघाला. त्यातून २०११ अखेर देशभरासाठी नियम झाले आणि त्यात एक अट आली: संस्थेने दिलेल्या कर्जांपैकी किमान ७५ टक्के रक्कम उत्पन्न मिळवून देणाऱ्या कामासाठीच असली पाहिजे. वर्षभरात तो आकडा ७० वर आला, २०१५ मध्ये ५० वर, आणि १ एप्रिल २०२२ पासून ही अट राहिलीच नाही. आता वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले कोणतेही विनातारण कर्ज सूक्ष्मकर्ज ठरते, मग ते पैसे कशालाही लागोत.

या निर्णयावर अजून दोन तट आहेत. अट हवी होती म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. धंद्यातून पैसा सुटला तर त्यातून हप्ता जातो. लग्नाचे किंवा दवाखान्याचे कर्ज मजुरीतूनच फेडावे लागते. पण अट असतानाही वस्तीत काय चालत होते? अर्जावर ‘शिलाई मशीन’ लिहायचे आणि पैसे जूनमध्ये शाळेच्या फीला किंवा पावसाआधी छपराच्या पत्र्यांना लावायचे. हे बायकांना माहीत होते, कर्ज मंजूर करणाऱ्यालाही माहीत होते. शिवाय येरवड्यातल्या घरातून डबे देणाऱ्या बाईने फ्रिज घेतला, तर त्याला भांडवल म्हणायचे की घरखर्च? तिच्याकडे गल्ला आणि घरखर्चाचा डबा वेगळे नसतात. २०१५ मध्ये हैदराबादसह सहा देशांतल्या पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. छोट्या कर्जाने गरिबाचे सरासरी उत्पन्न फारसे वाढत नाही, ओढगस्तीच्या महिन्यात मात्र हात मोकळा राहतो, असेच त्यांतून दिसले. त्यामुळे अट काढली हे मला योग्यच वाटते. तिने बायकांना खोटे लिहायला लावले होते.

चुकले ते पुढचे. त्याच फटक्यात व्याजावरची कमाल मर्यादाही उठवली गेली. दर अवाजवी नसावा, एवढेच आता नियमात आहे. दर ठरवणार संस्थेचे संचालक मंडळ. त्याबदल्यात सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत बसावेत, असे बंधन आले. पण भाजीवालीचे मासिक उत्पन्न मोजणार कसे? श्रावणात वेगळे, मेमध्ये वेगळे, टेम्पो संपावर गेला की शून्य. ती सांगेल तो आकडा किंवा कंपनीचा माणूस मांडेल तो अंदाज, यावरच ते निम्मे ठरते.

टाळेबंदीनंतर फेरीवाल्यांसाठी सरकारी योजनेतून बँकेचे १०,००० रुपयांचे पहिले कर्ज आले, आणि ते फेडले की २०,००० चे. तोवर वस्त्यांमध्ये एकेका घरावर चार-पाच संस्थांची कर्जे चढली होती. २०२४ मध्ये या क्षेत्रानेच स्वतःवर मर्यादा घातल्या: एका कर्जदाराला फार तर चार संस्था, एप्रिल २०२५ पासून तीन, आणि एकूण कर्ज २ लाखांपर्यंत. हे तपासले जाते पतमाहितीच्या नोंदीवरून. भिशीचे पैसे, हातउसने आणि सावकाराचे सकाळचे नव्वद त्या नोंदीत येत नाहीत.