आयसीपीसीसाठी बडोद्यातून संघ नोंदवायचा आहे? पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

आयसीपीसी ही कॉलेजांच्या संघांची जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धा. संघात तिघं, पण कॉम्प्युटर एकच, आणि प्रादेशिक फेरीला वेळ पाच तास. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली आपली मुलं गणितात आणि कोडिंगमध्ये कुठेही कमी पडत नाहीत. अडतात ती नोंदणीत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पात्रता. तिघांचा प्रवेश एकाच संस्थेत हवा आणि तो चालू असायला हवा. शाखा वेगळी चालते. कलाभवनात इंजिनिअरिंग करणारी मुलगी आणि सायन्स फॅकल्टीतला मुलगा, दोघंही महाराजा सयाजीराव विद्यापीठाचेच. फक्त नोंदणीत संस्थेचं नाव तिघांनी यादीतून अगदी एकच निवडायचं. शेजारच्या कॉलेजातला जिवलग मित्र मात्र घेता येत नाही. कॉलेज कधी सुरू केलं आणि जन्म कोणत्या वर्षीचा, यातली एक अट पूर्ण झाली तरी पुरतं. ही वर्षं दर हंगामाला पुढे सरकतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या सीनियरचं ऐकून चालू नका, यंदाचे नियम वाचा. पाच वेगवेगळ्या वर्षी प्रादेशिक फेरी किंवा दोन जागतिक अंतिम फेऱ्या खेळून झालेल्याला पुन्हा उतरता येत नाही.

संघ ठरला की कोड लिहायला बसण्याआधी कोच गाठा. शक्यतो आपल्याच विभागातले सर किंवा मॅडम. तुमच्या पात्रतेची जबाबदारी त्यांच्यावर असते, म्हणून ओळखपत्र, चालू वर्षाचं बोनाफाईड, फी भरल्याची पावती आणि जन्मतारखेचा पुरावा, असं सगळं एका फाइलमध्ये घालूनच भेटायला जा.

मग आयसीपीसीच्या साइटवर प्रत्येकानं स्वतःचं खातं उघडायचं. इथे नावाकडे नीट लक्ष द्या. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. मी घरच्या सवयीनं नाव आधी, आडनाव शेवटी भरलं. बोनाफाईड मार्कशीटप्रमाणे निघालं, आणि प्रादेशिक फेरीच्या सकाळी दोघी मैत्रिणी आत जाऊन बसल्या तरी मी टेबलापाशी कागद दाखवत उभी. खात्यातलं स्पेलिंग आणि क्रम ओळखपत्राबरहुकूम ठेवा.

संघ कोच तयार करतात आणि तिघांना ईमेलनं जोडतात. प्रोफाइल शेवटपर्यंत भरा, टी-शर्टच्या मापापर्यंत. आमच्या पहिल्या वर्षी एकीची माहिती अर्धवट राहिली आणि मुदत संपेपर्यंत संघ ‘पेंडिंग’च राहिला. वर्षभराचा सराव तसाच वाया गेला. शुल्क भरल्यावरही ‘अॅक्सेप्टेड’ दिसेपर्यंत रोज एकदा बघा.

भारतात आधी ऑनलाइन प्राथमिक फेरी, त्यातून निवडलेले संघ प्रादेशिक केंद्रावर. तिथे ओळखपत्र आणि बोनाफाईड मूळ प्रतीत न्या. छापील टिपणं नेणार असाल तर किती पानं चालतात ते त्या केंद्राच्या सूचनांत पाहा. कुणी ऐन वेळी गळलं तर बदल कोचच्याच खात्यातून आणि मुदतीच्या आत करायचा असतो. सर परगावी जाणार असतील तर आधीच विचारून ठेवा.